बिबट्या राज्याचा की केंद्राचा? वन्यजीव कायद्यातली अधिकारांची वाटणी

(वन्यजीव सप्ताहानिमित्त झालेल्या जाहीर व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न व त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय कायद्याचा आहे, पण सुरुवात उसाच्या फडापासून करू. समजा, जुन्नर किंवा शिरूर तालुक्यातलं एक गाव आहे. उसात बिबट्या आहे. दोन शेळ्या गेल्या, एक वासरू गेलं आणि एके दिवशी माणसावर हल्ला झाला. गाव पेटलं. ग्रामसभा भरली आणि ठराव झाला, "या बिबट्याला ठार मारा." ठराव हातात घेऊन मंडळी निघाली. आता सांगा, जायचं कुणाकडे?

सरपंचाला तो अधिकार नाही. तहसीलदाराला नाही. जिल्हाधिकाऱ्याला नाही. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण मुख्यमंत्र्यांनाही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ प्रमाणे बिबट्याला मारायची परवानगी अख्ख्या राज्यात एकच अधिकारी देऊ शकतो. तो म्हणजे मुख्य वन्यजीव रक्षक. आपल्याकडे प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) हे पद सांभाळतात. त्यांनाही परवानगी लेखी द्यावी लागते, कारणं नोंदवावी लागतात. आणि या प्राण्याला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, याची खात्री आधी करून घ्यावी लागते.

आता गंमत बघा. त्याच गावातला एखादा शहाणा माणूस म्हणाला, "मारायला नको. सरसकट सगळ्या बिबट्यांची नसबंदी करा, म्हणजे संख्या आटोक्यात येईल." ऐकायला हे सौम्य वाटतं. पण यासाठी त्याच अधिकाऱ्याची सही पुरत नाही. कलम १२ प्रमाणे पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या बाबतीत अशा कामाला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते.

म्हणजे गोळी घालायचा निर्णय राज्यात होऊ शकतो, पण नसबंदीची फाईल दिल्लीला जाते. हे उफराटं वाटतं ना? उफराटं नाही. यामागे एक सूत्र आहे, आणि आजचं सगळं व्याख्यान त्या एका सूत्राभोवती आहे. एक प्राणी हा राज्याचा विषय, प्रजाती हा देशाचा विषय. कलम ११ हे एका विशिष्ट, धोकादायक झालेल्या प्राण्यासाठी आहे. तिथं घाई असते, जागेवरची माहिती लागते, म्हणून अधिकार राज्यातल्या अधिकाऱ्याकडे. नसबंदी म्हणजे त्या प्रजातीच्या संख्येचं धोरण. ते एका तालुक्याच्या रागावर ठरू नये, म्हणून अधिकार केंद्राकडे. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढचं सगळं सोपं जाईल.

आधी हा विषय राज्यांचाच होता

आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची. पहिल्या यादीतल्या विषयांवर संसद कायदे करते, दुसरीतल्यांवर विधानसभा आणि तिसरीतल्यांवर दोघंही. १९५० साली घटना लागू झाली तेव्हा वन्य पशुपक्ष्यांचं संरक्षण आणि जंगलं, दोन्ही विषय राज्यसूचीत होते. त्यामुळे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे मुंबई राज्याचा १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता.

अडचण काय झाली? वाघाला सीमा कळत नाही. एका राज्यात शिकारीवर बंदी आणि नदीपलीकडच्या राज्यात परवाना मिळतोय, तर बंदीचा उपयोग काय? कातडी, शिंगं, नखं यांचा व्यापार तर राज्यांच्या हद्दी ओलांडूनच चालायचा. त्यामुळे देशभर एकच कायदा हवा, असं ठरलं. पण विषय राज्यांचा, मग संसदेनं कायदा करायचा कसा?

घटनेत यासाठी एक वाट होती, अनुच्छेद २५२. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव करून सांगितलं, की "आमच्यासाठी हा कायदा तुम्ही करा," तर संसद तो करू शकते. ११ राज्यांनी तसे ठराव केले आणि त्या जोरावर १९७२ चा कायदा झाला. त्या पहिल्या ११ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपण तो नंतर स्वीकारला आणि १९७३ मध्ये तो इथं लागू झाला. त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आपला मेळघाट होता.

अनुच्छेद २५२ ची एक अट फार महत्त्वाची आहे. या वाटेनं झालेला कायदा राज्याला नंतर आपल्या मर्जीनं बदलता येत नाही. बदल करायचा तर संसदेनंच. म्हणजे राज्यांनी स्वतःहून किल्ली दिल्लीकडे दिली.

पुढे १९७६ मध्ये ४२वी घटनादुरुस्ती झाली. तिच्यावर टीका पुष्कळ झाली आहे, पण त्या दुरुस्तीनं जंगलं आणि वन्य पशुपक्षी हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत आणले. तेव्हापासून संसदेला थेट कायदा करता येतो. आणि केंद्राच्या व राज्याच्या कायद्यात विरोध आला तर अनुच्छेद २५४ प्रमाणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. याला एक अपवाद आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

यादी दिल्लीची

आता प्रत्यक्ष वाटणी बघू. या कायद्याचा प्राण म्हणजे त्याच्या अनुसूची, म्हणजे प्राण्यांच्या याद्या. पूर्वी सहा होत्या. २०२२ च्या दुरुस्तीनं चार केल्या आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पहिल्या अनुसूचीत सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी: वाघ, बिबट्या, हत्ती, माळढोक. दुसरीत त्याहून थोडं कमी संरक्षण असलेले, उदाहरणार्थ रानडुक्कर. तिसरीत वनस्पती. चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातल्या प्रजाती.

कुठला प्राणी कुठल्या यादीत हे केंद्र ठरवतं. राज्य विनंती करू शकतं, बदल करू शकत नाही. बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून दुसरीत आणा, ही मागणी आपल्याकडे सतत होते. त्यावर विधानसभेत कितीही चर्चा झाली तरी अधिसूचना निघेल ती दिल्लीतूनच.

दुसरा अधिकार कलम ६२ चा. एखादा प्राणी ठरावीक भागात, ठरावीक काळापुरता 'उपद्रवी' म्हणून जाहीर करायचा. एकदा तसं जाहीर झालं की त्या भागात त्याला मारायला परवानगी लागत नाही. हाही अधिकार केंद्राचाच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना मात्र हे कलम लावताच येत नाही. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचलात माकडं अशी उपद्रवी जाहीर झाली. जून २०१६ मध्ये बिहारात नीलगायी मारल्या गेल्यावर काय झालं, आठवतं का? केंद्रातल्याच मंत्री मनेका गांधी यांनी केंद्राच्याच पर्यावरण खात्यावर टीका केली. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर म्हणाले, की राज्यानं मागणी केली म्हणून परवानगी दिली. बघा, परवानगी देणाराही म्हणतो, निर्णय मूळचा माझा नाही.

काठी राज्याची

यादी दिल्लीची, पण अंमल? तो जवळजवळ सगळा राज्याचा. वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक, ही सगळी साखळी राज्याच्या सेवेत. मुख्य वन्यजीव रक्षकाची नेमणूक राज्य करतं. पंचनामा राज्याचा माणूस करतो, पिंजरा राज्याचा माणूस लावतो. आणि एक बारकावा सांगतो. कायद्यातल्या 'शिकार' या शब्दात नुसतं मारणं नाही, पकडणंही येतं. म्हणून साधा पिंजरा लावायचा तरी परवानगी लागते. गावकऱ्यांना वाटतं वनखातं मुद्दाम वेळ काढतंय. काही वेळा तसं असेलही. पण बऱ्याचदा ते खरंच कागदाची वाट बघत असतात.

शेतातलं रानडुक्कर हा थोडा वेगळा मामला. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यानं उभ्या पिकाचं नुकसान केलं तरी ते शिकारीच्या परवानगीचं कारण ठरू शकतं. शिवाय ही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकानं प्राधिकृत केलेला खालचा अधिकारीही देऊ शकतो. म्हणजे यादी बदलली, की अर्ज करायचं कार्यालयही बदलतं. बिबट्याच्या यादीवरून एवढा वाद का होतो, ते यावरून कळेल.

नुकसानभरपाईही राज्यच ठरवतं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर महाराष्ट्रात २५ लाख रुपये मिळतात. केंद्राच्या योजनांखाली हीच रक्कम १० लाख आहे, तीही डिसेंबर २०२३ मध्ये ५ वरून १० केली. म्हणजे प्राणी वाचवायचा हा निर्णय देशाचा, पण त्याची किंमत मोजताना राज्याराज्यात फरक.

जमिनीचं काय? अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान जाहीर करतं राज्य. पण एकदा जाहीर केलं की हद्द कमी करायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. या मंडळाचे अध्यक्ष पंतप्रधान असतात. आपलं माळढोक अभयारण्य आठवा. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र जाहीर झालं. त्यात गावंच्या गावं, पिकाखालच्या जमिनी आल्या आणि खरेदी-विक्रीपासून सगळ्याला अडचण सुरू झाली. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आत जाणं राज्याच्या एका अधिसूचनेनं झालं, बाहेर यायला मात्र दिल्लीपर्यंत जावं लागलं.

अवनी: दोन्ही अधिकार एकाच ठिकाणी भिडले

आता यवतमाळ जिल्ह्यात जाऊ. पांढरकवडा, राळेगाव हा कापसाचा पट्टा. तिथं २०१६ पासून दोन वर्षांत १३ माणसांचे मृत्यू टी-१ या वाघिणीच्या नावावर नोंदले गेले. हीच अवनी. तिला दोन बछडे होते. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी आदेश काढला, की आधी बेशुद्ध करून पकडा, न जमल्यास ठार करा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली.

मग वादळ उठलं. केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्याचे तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्यावर जाहीर टीका केली, त्यांनीही तसंच उत्तर दिलं. दोघंही एकाच पक्षाचे. म्हणजे हा पक्षांचा वाद नव्हता, पदांचा होता. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं चौकशीसाठी पथक पाठवलं आणि कारवाईतल्या कार्यपद्धतीवर ठपका ठेवला.

हे प्राधिकरण कुठून आलं, तेही सांगतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नाही, असं उघड झालं. प्रकल्प केंद्राच्या पैशावर चालणारा, राखण राज्याची, आणि वाघ संपल्याचं वेळेवर कुणी सांगितलंच नाही. त्या धक्क्यानंतर २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हे प्राधिकरण आणलं. वाघाच्या रक्षणासाठी ते राज्यातल्या अधिकाऱ्यांना लेखी निर्देश देऊ शकतं आणि ते पाळणं बंधनकारक आहे.

आता आपलं सूत्र अवनीला लावून बघा. वाघीण एक होती, म्हणून निर्णय राज्याचा. पण वाघ ही प्रजाती देशाची, म्हणून पद्धत केंद्रानं ठरवून दिलेली. निर्णय घ्यायचा हक्क राज्याला होता, न्यायालयानंही तो मान्य केला. वाद झाला तो निर्णय अमलात कसा आणला यावर. आणि या सगळ्यात त्या १३ घरांना दोन वर्षं काय वाटलं असेल? त्यांच्या दृष्टीनं दिल्ली आणि मुंबई दोन्ही 'सरकार'च.

राज्य ऐकत नाही तेव्हा

उलट बाजूही बघू. गीरचे सिंह. जगात आशियाई सिंह रानात फक्त गुजरातमध्ये आहेत. सगळे एकाच भागात, म्हणजे एक साथ आली तर प्रजातीच धोक्यात. म्हणून काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्यावेत, अशी योजना होती. गुजरातनं विरोध केला, सिंह ही राज्याची अस्मिता. १५ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की रानातल्या प्राण्यावर कुठलंही राज्य मालकी सांगू शकत नाही, आणि सहा महिन्यांत स्थलांतराची कार्यवाही करा. सिंह गेले नाहीत. २०१८ मध्ये गीरमध्ये रोगाची साथ आली आणि काही आठवड्यांत २० हून अधिक सिंह मेले. कुनोत २०२२ मध्ये प्राणी आले, पण ते नामिबियाचे चित्ते.

दुसरं उदाहरण शेजारच्या गोव्याचं. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले. व्याघ्र प्राधिकरणानं तिथं व्याघ्र प्रकल्प करायला सुचवलेलं होतं, राज्य तयार नव्हतं. प्रश्न असा, की प्राधिकरणाची शिफारस म्हणजे सल्ला की आदेश? कायद्यातले शब्द असे आहेत, की शिफारशीवरून राज्य शासन व्याघ्र प्रकल्प अधिसूचित 'करील'. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं सांगितलं, हे बंधनकारक आहे, तीन महिन्यांत अधिसूचना काढा. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दोन्ही ठिकाणी एकच धडा. कागदावर केंद्र वरचढ आहे. पण वनरक्षक राज्याचा, जमीन राज्यातली, मतदार राज्यातले. राज्याच्या मनात नसेल तर नुसत्या वरचढपणानं एक सिंहसुद्धा जागचा हलत नाही.

आणि तो अपवाद

मघाशी म्हटलं, केंद्राचा कायदा वरचढ, पण एक अपवाद आहे. समवर्ती सूचीतल्या विषयावर राज्यानं केंद्रापेक्षा वेगळा कायदा केला आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. ही वाट आपल्या ओळखीची आहे. बैलगाडा शर्यत! बैल वन्यप्राणी नाही, तो कायदा प्राणी क्रूरता प्रतिबंधाचा. पण वाट हीच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, राज्यांनी दुरुस्ती केली, राष्ट्रपतींची संमती घेतली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. केरळ आता हीच वाट वन्यजीव कायद्यासाठी धरू बघतंय. रानडुकरांना उपद्रवी जाहीर करायची मागणी केंद्रानं मान्य केली नाही, तेव्हा तिथल्या विधानसभेनं २०२५ मध्ये स्वतःचं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. पण संमती राष्ट्रपतींची, म्हणजे व्यवहारात केंद्र मंत्रिमंडळाच्या सल्ल्याची. दार राज्याला आहे, पण त्याची कडी दिल्लीच्या बाजूनं आहे.

प्रश्नोत्तरे

*बिबट्यानं अंगावर झेप घेतली आणि जीव वाचवताना तो मेला, तर गुन्हा होतो का?*

नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी, प्रामाणिक हेतूनं केलेली कृती गुन्हा नाही, असं कलम ११ मध्येच आहे. त्यासाठी ना राज्याची परवानगी लागते ना केंद्राची. पण मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता होतो. नख, कातडं घरी नेलं तर मात्र गुन्हा. वनखात्याला ताबडतोब कळवायचं.

*अमेरिकेतही असंच आहे का?*

तिथं प्रवाह उलटा आहे. वन्यप्राणी हा परंपरेनं राज्यांचा विषय, पण एखादी प्रजाती धोक्यात आली, की १९७३ चा संघराज्याचा कायदा लागू होतो. प्रजाती सावरली, की कारभार पुन्हा राज्याकडे. लांडग्यांच्या बाबतीत २०११ मध्ये तिथल्या संसदेनंच मोंटाना आणि आयडाहोतले लांडगे यादीतून काढले आणि तिथं राज्यांच्या परवान्यांवर शिकार सुरू झाली. त्यांच्याकडे प्रजाती यादीतून बाहेर यायची वाट ठरलेली आहे. आपल्याकडे ती तितकी स्पष्ट नाही.

*मग आमच्या ग्रामसभेनं ठरावात लिहायचं काय?*

हा आजचा सगळ्यात कामाचा प्रश्न. एकाच ठरावात सगळं कोंबू नका, मागण्या वेगळ्या करा. पिंजरा, गस्त, विशिष्ट प्राण्याला पकडणं, भरपाईचा पंचनामा हे सगळं राज्याच्या वनखात्याकडे, तारीख-वार आणि घटनांच्या नोंदीसकट. मारण्याची मागणी असेल तर ती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या नावानं आणि त्याच एका प्राण्याबद्दल. "सगळे बिबटे मारा" असं लिहिलंत, तर ते मान्य करायचा अधिकार त्यांना नाहीच, कागद तिथंच पडून राहतो. यादी बदला, नसबंदी करा, या मागण्या केंद्राच्या. त्या राज्यामार्फत आणि खासदारांमार्फत जायला हव्यात.

चुकीच्या दारावर केलेली मागणी फेटाळलीही जात नाही, ती फक्त फिरत राहते. आणि ती फिरत असते तेवढे दिवस उसात बिबट्याही असतो आणि उसाला पाणी द्यायला रात्री जाणारा माणूसही असतो. दार कुठलं एवढं जरी आज लक्षात राहिलं तरी पुरे.